रशियन भाषेतले युद्धपट आणि आघाडीवरचा सैनिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोव्हिएत आणि रशियन युद्धपटांबद्दल वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि गुंतागुंतीचे नंतर घेतले आहेत. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सिनेमांची नावं मूळ रशियन उच्चाराप्रमाणे लिहिली असून गरज पडेल तिथं प्रचलित इंग्रजी नावही जोडलं आहे.

१. मी एकही रशियन युद्धपट पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू?

ग्रिगोरी चुख्राय यांच्या 'बलादा ओ सोल्दाते'पासून (१९५९, इंग्रजीत 'बॅलड ऑफ अ सोल्जर'). सिनेमा जेमतेम दीड तासाचा आहे, गोष्ट सरळ आहे आणि युद्धाचा इतिहास माहीत नसला तरी काही अडत नाही. अल्योशा हा एकोणीस वर्षांचा सिग्नलचा सैनिक घाबरलेल्या अवस्थेत दोन रणगाडे निकामी करतो. जनरल त्याला पदक देऊ करतो, तर हा म्हणतो, पदक नको, आईकडं जाऊन घराचं छप्पर दुरुस्त करून येऊ द्या. त्याला सहा दिवसांची रजा मिळते: दोन जायला, दोन यायला, दोन छपरासाठी. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे तो प्रवास आणि त्यात खर्ची पडत जाणारे ते सहा दिवस.

साबणाचा प्रसंग नीट बघा. वाटेत भेटलेला एक सैनिक अल्योशाला म्हणतो, माझं घर तुझ्या वाटेवरच आहे, बायकोला एवढं पोचव. द्यायला त्याच्याकडं काहीच नसतं, म्हणून पलटणीला मिळालेल्या साबणाच्या वड्या पुढं केल्या जातात. अल्योशा पत्ता शोधत पोचतो, तेव्हा त्या घरात दुसरा पुरुष राहत असतो. अल्योशा साबण परत उचलतो आणि सैनिकाच्या म्हाताऱ्या बापाला नेऊन देतो. साबणाच्या दोन वड्यांमध्ये आघाडी आणि घर यांच्यातलं सगळं अंतर मावलं आहे.

त्यानंतर हा क्रम ठेवा: 'लेत्यात झुराव्ली' (१९५७, 'द क्रेन्स आर फ्लाइंग'), 'इवानोवो देत्स्त्वो' (१९६२, 'इव्हान्स चाइल्डहूड'), 'आ झोरी झ्देस तीखिये' (१९७२, 'द डॉन्स हिअर आर क्वाएट'), 'ओनी स्रझालीस झा रोदिनू' (१९७५), 'वोस्खोझ्देनिये' (१९७७, 'द असेंट'). 'इदी इ स्मोत्री' ('कम अँड सी') शेवटी बघा. का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

२. यांना रशियन सिनेमे म्हणायचं की सोव्हिएत?

१९९१ पर्यंतच्या सिनेमांना सोव्हिएत म्हणा. भाषा रशियन असली तरी बनवणारे सगळ्या प्रजासत्ताकांतले होते. 'झुराव्ली'चे मिखाईल कलातोझोव हे तिबिलिसीत जन्मलेले जॉर्जियन. चुख्राय यांचा जन्म युक्रेनमधल्या मेलितोपोलचा, 'ओनी स्रझालीस'चे सर्गेई बोंदार्चुक यांचा खेरसोनजवळचा, तर 'वोस्खोझ्देनिये' करणाऱ्या लरिसा शेपित्को यांचा आजच्या बाखमुतमधला. 'वोस्खोझ्देनिये' ज्या कथेवर आहे तिचे लेखक वसिल बिकोव बेलारूसी होते. 'ओत्येत्स सोल्दाता' (१९६४) हा तर जॉर्जियाच्याच स्टुडिओचा सिनेमा. जखमी मुलाला भेटायला निघालेला म्हातारा द्राक्ष बागायतदार स्वतःच फौजेत भरती होतो आणि जर्मनीपर्यंत पोचतो. तिथं आपलाच रणगाडा द्राक्षाचे वेल तुडवत निघालेला बघून तो भडकतो आणि चालकाला खाली उतरवून फैलावर घेतो. ज्यानं एकदा तरी बाग जपली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

३. बहुतेक सिनेमांत एकाच युद्धाचा विषय का असतो?

कारण २२ जून १९४१ ते ९ मे १९४५ या काळात सोव्हिएत संघानं अधिकृत अंदाजानुसार सुमारे २ कोटी ६६ लाख माणसं गमावली. कोणी गेलं नाही असं घर शोधून सापडणं कठीण होतं. तिकडं या लढ्याला 'महान देशभक्तिपर युद्ध' म्हणतात आणि 'वोयना', म्हणजे युद्ध, एवढंच म्हटलं तरी बहुतेक वेळा हेच युद्ध अभिप्रेत असतं. अफगाणिस्तान आणि चेचन्यावरच्या सिनेमांसाठी प्रश्न १६ पाहा.

४. हे सिनेमे अधिकृतपणे कुठं बघता येतील? शोधताना चुकीचा सिनेमा सापडतो, त्याचं काय?

आधी स्टुडिओ कोणता ते बघा, निम्मं काम तिथंच होतं. 'बलादा', 'झुराव्ली', 'इवानोवो देत्स्त्वो', 'वोस्खोझ्देनिये', 'ओनी स्रझालीस' आणि 'गोर्याची स्नेग' ('हॉट स्नो') हे मॉसफिल्मचे. 'इदी इ स्मोत्री' मॉसफिल्म आणि बेलारूसफिल्म यांनी मिळून केला. मॉसफिल्मनं २०११ पासून आपले जुने सिनेमे यूट्यूबवरच्या स्वतःच्या वाहिनीवर मोफत ठेवायला सुरुवात केली आणि त्यातल्या अनेकांना इंग्रजी सबटायटल्स आहेत. 'झोरी' मात्र गोर्की स्टुडिओचा, 'व बोय इदूत अद्नी स्तारिकी' ('ओन्ली ओल्ड मेन आर गोइंग टु बॅटल') किएव्हच्या दोव्झेन्को स्टुडिओचा आणि 'प्रोव्हेर्का ना दारोगाख' ('ट्रायल ऑन द रोड') लेनफिल्मचा. हे तीन मॉसफिल्मच्या यादीत शोधू नका.

इंग्रजी नावानं शोधलं की घोळ होतो. 'स्टालिनग्राड' नावाचा १९९३ चा सिनेमा जर्मन आहे. त्याच नावाचा रशियन सिनेमा २०१३ चा, फ्योदोर बोंदार्चुक यांचा. 'झ्वेझ्दा' ('द स्टार') १९४९ चाही आहे आणि २००२ चाही. 'झोरी'ची २०१५ मध्ये नवी आवृत्ती आली. त्यामुळं नावाबरोबर दिग्दर्शक आणि वर्ष टाका, किंवा मूळ रशियन लिपीतलं नाव कॉपी करून शोधा. रशियन नावानं शोधल्यावर चांगल्या प्रती वर येतात.

'झोरी' आणि 'ओनी स्रझालीस' दोन भागांत आहेत, आणि भाग वेगवेगळे चढवलेले असतात. पहिला भाग संपला की सिनेमा अर्धवट तोडला आहे असं वाटून लोक बंद करतात. 'झोरी'चे दोन्ही भाग मिळून तीन तासांहून जास्त होतात, त्यामुळं मध्ये चहाची सुट्टी घेतली तरी चालेल.

५. इंग्रजी सबटायटल्समध्ये नेमकं काय निसटतं?

सगळ्यात आधी 'ती' आणि 'वी' हा फरक. रशियनमध्ये 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मराठी प्रेक्षकाला ही दरी कानानं भरून काढता येते, कारण तू-तुम्हीचं राजकारण आपण रोज जगतो. एखादा अधिकारी जवानाला आतापर्यंत 'वी' म्हणत होता आणि मरणाच्या तोंडावर 'ती' म्हणाला, तर तिथं हुद्दा गळून पडलेला असतो. वरिष्ठ रागानं 'ती'वर आला तर तो अपमान असतो. ऐकताना कान तेवढ्या एका शब्दावर ठेवा.

दुसरं, नात्याचे शब्द. तरुण जवानाला 'सिनोक' (पोरा), वयस्क सैनिकाला किंवा लाडक्या कमांडरला 'बात्या' (बाबा), सगळ्यांना मिळून 'ब्रात्सी' (भावांनो). जखमी माणूस नर्सला 'सेस्त्रिच्का' म्हणतो, म्हणजे धाकटी बहीण. सबटायटलमध्ये तिथं नुसतं 'नर्स' येतं आणि हाकेतली आर्जवी ओढ हरवते.

६. एकाच माणसाची तीन-तीन नावं कशी? पात्रं ओळखूच येत नाहीत.

पूर्ण नावात स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं नाव आणि आडनाव असतं. आपल्यासारखंच. 'झोरी'मधला हवालदार पूर्ण नावानं फेदोत येव्ग्राफोविच वास्कोव, म्हणजे येव्ग्राफचा मुलगा. आदरानं हाक मारताना पहिली दोन नावं घेतात: 'फेदोत येव्ग्राफिच'. फौजी शिस्तीत 'तवारिश स्तार्शिना', म्हणजे कॉम्रेड आणि पुढं हुद्दा. जिव्हाळ्यात लाडाचं नाव: अलेक्सेईचा अल्योशा, इवानचा वान्या, येव्गेनियाची झेन्या. त्याच सिनेमात मुली वास्कोवला हुद्द्यावरून नावावर कधी येतात ते टिपा. ओळख कशी वाढत गेली ते त्यातूनच कळतं.

७. वर्दी बघून सिनेमातला काळ कसा ओळखायचा?

खांदे बघा. सोव्हिएत सैन्यात खांद्यावरच्या पट्ट्या जानेवारी १९४३ मध्ये आल्या आणि सगळीकडं पोचायला काही महिने गेले. त्याआधी हुद्द्याची खूण कॉलरवर असे: सार्जंटच्या वर्गाला त्रिकोण, लेफ्टनंटच्या वर्गाला चौकोनी ठिपके, कॅप्टनपासून पुढं आयत. कनिष्ठ लेफ्टनंटला एक चौकोन, लेफ्टनंटला दोन, वरिष्ठ लेफ्टनंटला तीन. कॅप्टनला एक आयत, मेजरला दोन. सैनिक गमतीनं या आयतांना 'श्पाली' म्हणत, म्हणजे रुळांखालचे स्लीपर. म्हणजे कॉलरवर ठिपके आणि खांदे मोकळे असले, तर काळ माघारीचा किंवा स्टालिनग्राडचा. खांद्यावर पट्ट्या आणि तारे दिसले, तर युद्धाचं पारडं फिरल्यानंतरचा.

आणखी दोन खुणा आहेत. 'ऑफिसर' हा शब्द १९४३ नंतर रुळला, त्याआधी 'कमांदीर' म्हणत. तुकडीत कमांडरच्या बरोबरीनं सही करणारा कमिसार (पक्षाचा राजकीय अधिकारी) असेल, तर काळ ऑक्टोबर १९४२ च्या आधीचा, कारण तेव्हा हे पद रद्द झालं. एखाद्या पात्राच्या छातीवर 'ऑर्डर ऑफ ग्लोरी' असेल, तर नोव्हेंबर १९४३ नंतरचा, कारण तोवर हे पदकच नव्हतं.

८. "हवा!" म्हणून ओरडतात, "जीभ आणा" म्हणतात. हे काय आहे?

भाषांतर शब्दशः झालं की असं होतं. नेहमी कानावर पडणारे शब्द असे:

'वोझ्दुख!' म्हणजे हवा. अर्थ: शत्रूची विमानं आली, आडवे व्हा. 'याझिक' म्हणजे जीभ. अर्थ: माहिती काढून घेण्यासाठी जिवंत पकडलेला शत्रूचा माणूस. टेहळणी तुकड्यांवरच्या सिनेमांत, उदाहरणार्थ 'झ्वेझ्दा'त, हा शब्द सतत येतो. 'येस्त' म्हणजे एरवी 'आहे', पण हुकूम मिळाल्यावर 'येस्त!' म्हणजे 'जी, करतो'. प्रश्नाला होकार द्यायचा असेल तर 'ताक तोच्नो'. जवान हुकमाला 'ताक तोच्नो' म्हणाला तर तो नवखा आहे असं समजा. 'सोरोकाप्यात्का' म्हणजे ४५ मिलिमीटरची छोटी रणगाडाविरोधी तोफ. ती रणगाड्याच्या अगदी समोर मांडावी लागे, म्हणून सैनिकांनी तिला 'अलविदा मातृभूमी' असं नाव ठेवलं होतं. 'पोलुतोर्का' म्हणजे दीड टनी ट्रक. 'फ्रित्स' म्हणजे जर्मन सैनिक. 'सानबात' म्हणजे आघाडीमागचं फौजी दवाखान्याचं पथक. 'मखोर्का' म्हणजे जाडीभरडी तंबाखू, वर्तमानपत्राच्या कागदात वळून ओढायची. 'सो ग्राम' म्हणजे आघाडीवर मिळणारा शंभर ग्रॅम व्होडकाचा शिधा.

आणि 'पोर्त्यान्की'. मोज्यांऐवजी पायाला गुंडाळायचं फडकं. सुरकुती राहिली तर काही किलोमीटरच्या चालीतच पाय सोलून निघतो आणि पाय गेला की पायदळातला माणूस निकामी. म्हणून 'झोरी'त वास्कोव मुलींना जंगलात नेण्याआधी पायाकडं लक्ष देतो. बंदुकीआधी फडकं. युद्ध प्रत्यक्ष कसं लढलं जातं याची जाण असलेल्या लेखकालाच हे सुचतं.

९. हत्यारं आणि रणगाडे खरे असतात का? चुका कशा पकडायच्या?

जुन्या सिनेमांना सैन्याची मदत मिळे, त्यामुळं बंदुका, ट्रक, तोफा बहुधा अस्सल असतात. अडचण येते जर्मन रणगाड्यांची. ते उरलेच नव्हते. 'अस्वोबोझ्देनिये' ('लिबरेशन') या पाच भागांच्या महापटासाठी सोव्हिएत टी-४४ रणगाड्याच्या सांगाड्यावर टायगर या जर्मन रणगाड्याचं कवच चढवलं होतं. चाकं बघितली की कळतं, कारण खऱ्या टायगरची मोठी चाकं एकमेकांवर चढलेली असतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याची. ८५ मिलिमीटर तोफेचा टी-३४ १९४४ मध्ये आघाडीवर आला. त्याचा मनोरा मोठा असतो, वर कमांडरची गोल घुमटी असते आणि आत पाच माणसं असतात. १९४१-४२ च्या प्रसंगात असा रणगाडा आला तर तो काळाच्या पुढचा. त्या वेळच्या टी-३४ वर ७६ मिलिमीटरची तोफ होती, मनोरा अरुंद होता आणि आत चौघं बसत. स्वतः कमांडरच तोफ चालवत असल्यामुळं त्याला बाहेरचं नीट बघायला उसंत नसे.

पीपीएश या ७१ गोळ्यांच्या गोल डब्याच्या बंदुकीचं तसंच. ती मंजूर झाली डिसेंबर १९४० मध्ये, पण मुबलक मिळू लागली १९४२ पासून. जून १९४१ मध्ये सगळ्यांच्या हातात पीपीएश दिसली तर समजा, कपाट उघडून जे मिळालं ते वाटलं आहे. तेव्हा बहुतेकांकडं पाच गोळ्यांची मोसिन रायफल असे. 'बलादा' आणि 'ओनी स्रझालीस'मधली लांबलचक रणगाडाविरोधी रायफल मात्र अगदी खरी आहे: १४.५ मिलिमीटरची, दोन मीटर लांब, सतरा किलोंच्या आसपास वजनाची. वाहायला दोन माणसं लागत आणि जवळून, बाजूला नेम धरला तरच उपयोग होई.

१०. लढाई कमी आणि वाट बघणं जास्त, असं का?

कारण बनवणाऱ्यांनी ते पाहिलं होतं. चुख्राय छत्रीसैनिक होते आणि स्टालिनग्राडला लढले. 'झोरी'चे स्तानिस्लाव रस्तोत्स्की यांचा पाय युद्धात गेला आणि एका नर्सनं त्यांना वाचवलं होतं. 'झुराव्ली'चे कॅमेरामन सर्गेई उरुसेव्स्की यांनी युद्धकाळात आघाडीवर चित्रण केलं होतं. 'गोर्याची स्नेग'चे मूळ लेखक यूरी बोंदारेव तोफखान्यात होते. या पिढीच्या लेखनाला 'लेफ्टनंटांचं गद्य' म्हणतात आणि त्यातल्या नजरेला 'खंदकातलं सत्य'. नकाशा नाही, सेनापती नाही, समोरची पन्नास पावलं जमीन एवढंच.

'ओनी स्रझालीस' घ्या. १९४२ चा उन्हाळा, डॉन नदीच्या दिशेनं माघार घेणारी, मोजकीच माणसं उरलेली रेजिमेंट. धूळ, कोरडा घसा, नदीतले खेकडे उकडण्यासाठी मीठ मागायला गावातल्या म्हातारीकडं जाणं आणि "आम्हाला सोडून कुठं चाललात?" हे तिचं बोलणं खाली मान घालून ऐकणं. चित्रण चालू असताना, ऑक्टोबर १९७४ मध्ये, मुख्य नट वसिली शुक्शिन वारले. उरलेली कामं दुसऱ्या माणसावर चित्रित करून आवाजही दुसऱ्याचा दिला गेला. मन लावून बघितलं तरी सांधा सहज सापडत नाही.

११. 'इदी इ स्मोत्री' खरंच इतका भयानक आहे का? मुलांना दाखवू का?

मुलांना दाखवू नका. अठराच्या वरच्यांनीही एकट्यानं, रात्री उशिरा बघू नये. यात रक्तपात फार नाही, पण एलेम क्लिमोव यांनी १९४३ मधलं बेलारूस फ्लोर्या या पोराच्या चेहऱ्यातून दाखवलं आहे आणि तो चेहरा सिनेमाभर म्हातारा होत जातो. बॉम्बहल्ल्यानंतर त्याच्या कानात दडे बसतात, तेव्हा आपल्यालाही तसंच ऐकू येतं. आवाज बिघडला म्हणून प्रत बदलू नका. गावातल्या माणसांना कोठारात कोंडून जाळण्याचा प्रसंग लांब आहे. सिनेमाच्या शेवटची पाटी सांगते की बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली. पटकथेचे सहलेखक अलेस अदामोविच किशोरवयात तिथल्या पार्टिझानांमध्ये, म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात गनिमी लढा देणाऱ्यांमध्ये, होते. आणखी एक पूर्वसूचना: चित्रणात खऱ्या गोळ्या वापरल्या गेल्या आणि गायीचा प्रसंग खरा आहे. प्राण्यांचं मरण बघवत नसेल तर तो भाग पुढं ढकला.

शाळकरी मुलांसाठी 'बलादा' आणि 'व बोय इदूत अद्नी स्तारिकी' चांगले. दुसरा वैमानिकांचा आहे. ही तुकडी फावल्या वेळात गाण्याबजावण्यात रमते आणि त्यातच मृत्यूच्या बातम्या येतात.

१२. हा सगळा सरकारी प्रचारच नाही का?

काही सिनेमे नक्कीच आहेत. 'अस्वोबोझ्देनिये'त नेत्यांची, सेनापतींची दालनं भरपूर आणि शंका कमी. पण सगळ्यांना एका मापानं मोजू नका. अलेक्सेई गेर्मान यांचा 'प्रोव्हेर्का ना दारोगाख' १९७१ मध्ये तयार झाला आणि दीड दशक डब्यात पडून राहिला. कारण त्याचा नायक आधी जर्मनांकडं गेलेला आणि परत आलेला माणूस होता. त्यात पार्टिझानांनी रेल्वेपूल उडवायचं ठरवलेलं असतं. नेमकी गाडी पुलावर येते आणि त्याच वेळी खालून सोव्हिएत युद्धकैद्यांनी खच्चून भरलेला तराफा निघतो. कमांडर पूल उडवू देत नाही. पडद्यावर फक्त वरून दिसणारे चेहरे, शेकड्यांनी. हा प्रसंग अधिकाऱ्यांना खुपला, कारण कैदी झालेल्यांकडं तेव्हा संशयानंच बघत.

शेपित्को यांच्या 'वोस्खोझ्देनिये'लाही विरोध झाला. बेलारूसचे पक्षनेते प्योत्र माशेरोव स्वतः पार्टिझान होते. त्यांनी तो पाहून पाठीशी घातला, म्हणून वाट मोकळी झाली. १९७७ मध्ये त्याला बर्लिनचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. दोन पार्टिझान पकडले जातात, एक फितूर होतो आणि एक होत नाही, एवढीच गोष्ट. पण फितूर होणारा आपल्याला परका वाटत नाही.

१३. १९४१ च्या पराभवावर प्रामाणिक सिनेमा आहे का?

अलेक्सांद्र स्तोल्पेर यांचा 'झिविये इ म्योर्त्विये' (१९६४). वेढ्यातून बाहेर पडलेल्या सैनिकांना आपलीच माणसं आधी संशयानं बघतात आणि शस्त्रं काढून घेतात. पार्श्वसंगीत अजिबात नाही. मूळ कादंबरीचे लेखक कोन्स्तान्तिन सिमोनोव तेव्हा आघाडीवर वार्ताहर होते. संथ जड बॉम्बफेकी विमानं एकेक करून पाडली जाण्याचा प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता.

१४. दंड-बटालियनवरच्या मालिकेत दाखवलं तसं खरंच होतं का?

२००४ ची 'श्त्राफबात' ही ११ भागांची मालिका अभिनयासाठी बघावी, इतिहासासाठी नाही. २८ जुलै १९४२ च्या क्रमांक २२७ च्या हुकमानं (तोच, "एक पाऊलही मागं नाही") या तुकड्या उभ्या राहिल्या. बटालियन शिक्षा झालेल्या अधिकाऱ्यांसाठी होत्या. जवान आणि सार्जंट यांच्यासाठी वेगळ्या कंपन्या होत्या. मुदत एक ते तीन महिन्यांची. जखमी झालं की गुन्हा 'रक्तानं धुतला गेला' असं धरत. मालिकेत अधिकारी, चोर आणि राजकीय कैदी एकाच बटालियनमध्ये आहेत आणि त्यांचा कमांडरही शिक्षा झालेला आहे. प्रत्यक्षात नेतृत्व नियमित अधिकाऱ्यांकडं असे.

१५. '२८ पान्फिलोव्त्सेव' सत्यघटना आहे का?

लढाई खरी आहे, दंतकथा रचलेली. नोव्हेंबर १९४१ मध्ये दुबोसेकोवोजवळ पान्फिलोव यांच्या डिव्हिजननं जर्मनांना झुंज दिली आणि तिच्यात कझाक, किर्गिझ जवान मोठ्या संख्येनं होते. पण नेमके २८ जण आणि सगळे धारातीर्थी पडले, ही गोष्ट सैन्याच्या वर्तमानपत्रातून पसरली. १९४८ मध्ये लष्करी सरकारी वकिलांच्या चौकशीत ती पत्रकारांची निर्मिती ठरली. तो अहवाल २०१५ मध्ये जाहीर झाल्यावर मोठा वाद झाला. २०१६ चा सिनेमा लोकवर्गणीतून सुरू झाला आणि त्यानं दंतकथाच धरून ठेवली. लढाई मात्र त्यात समजेल अशी दाखवली आहे: खंदक कुठं, तोफ कुठं, रणगाडे कुठून येतात, सगळं स्पष्ट.

१६. अफगाणिस्तान आणि चेचन्यावर काय बघू?

'देव्याताया रोता' (२००५, 'नाइन्थ कंपनी') सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो ३२३४ क्रमांकाच्या टेकडीवरच्या, ७-८ जानेवारी १९८८ च्या लढाईवर बेतला आहे. प्रत्यक्षात तिथं ३९ जवान होते आणि सहा मारले गेले. तोफखान्याची मदत मिळत होती. सिनेमात जवळजवळ सगळे मरतात, वर मुख्यालय त्यांना विसरलं असं दाखवलं आहे. तिथं लढलेल्यांना ते रुचलं नाही, हे समजण्यासारखं आहे.

चेचन्यासाठी 'कावकाझ्स्की प्लेन्निक' (१९९६) आणि अलेक्सांद्र सोकुरोव यांचा 'अलेक्सांद्रा' (२००७). दुसऱ्यात एकही गोळी सुटत नाही. आजी नातवाला भेटायला ग्रोझ्नीजवळच्या छावणीत येते, चिलखती गाडीत बसून बघते, बंदूक हातात घेऊन चाप ओढते आणि म्हणते, किती सोपं आहे. आजीचं काम केलं आहे गायिका गालिना विश्नेव्स्काया यांनी.

१७. २००० नंतरचे कोणते बघण्यासारखे?

'झ्वेझ्दा' (२००२), 'स्वोयी' (२००४), 'ब्रेस्त्स्काया क्रेपोस्त' (२०१०), 'र्झेव' (२०१९). आणि 'कुकूश्का' (२००२) चुकवू नका. १९४४ चा सप्टेंबर, एक फिनिश सैनिक, एक सोव्हिएत अधिकारी आणि एक सामी बाई. तिघांच्या तीन भाषा, कुणालाच कुणाची कळत नाही. सबटायटल्स तिन्ही भाषांना आहेत ना, हे आधी तपासा, नाहीतर निम्मा सिनेमा हातचा जाईल. 'टी-३४' (२०१९) करमणूक म्हणून ठीक, पण गोळ्यांच्या संथ चित्रणात माणूस हरवला आहे.

१८. 'झोरी'ची रंगीत प्रत खरी की कृष्णधवल?

दोन्ही एकाच सिनेमात आहेत. युद्ध कृष्णधवल आहे. मुलींच्या आठवणी, स्वप्नं आणि नंतरचा काळ रंगीत. सलग रंगीत प्रत मिळाली तर ती नंतर रंगवलेली आहे, सोडून द्या, कारण त्या दोन जगांमधली भिंतच त्यात पुसली जाते. 'व बोय इदूत अद्नी स्तारिकी'लाही २००९ मध्ये रंग चढवला गेला. मूळ कृष्णधवल आहे, तोच बघा.

१९. जर्मन पात्रं बोलताना वरून रशियन आवाज येतो. प्रत खराब आहे का?

नाही. ती त्या काळची पद्धत होती: जर्मन नट जर्मनच बोलतो आणि वरून निवेदक सपाट आवाजात भाषांतर वाचतो. काही ठिकाणी मुद्दाम भाषांतर दिलेलं नसतं, कारण खंदकातल्या सैनिकालाही ते कळत नव्हतं. तसंच ओठ आणि शब्द थोडे मागंपुढं होतात, कारण बरेच संवाद नंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले जात.

२०. २०२२ नंतर हे सिनेमे बघणं योग्य आहे का?

युक्रेनवरच्या आक्रमणानंतर हा प्रश्न बराच विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. रशियन सरकार १९४५ च्या विजयाची आठवण आजच्या युद्धाच्या समर्थनासाठी वापरतं, हे डोळ्याआड करू नका. त्या युद्धाच्या प्रचारासाठीही सरकारी पैशातून सिनेमे निघाले आहेत आणि त्यांना जुन्यांच्या पंगतीला बसवू नये. पण 'स्तारिकी' बनवणारे लेओनिद बिकोव युक्रेनचे होते, त्यात युक्रेनी गाणी आहेत, आणि प्रश्न २ मधली जन्मगावं बघितली तर या वारशावर एकट्या रशियाचा हक्क नाही, हे स्पष्ट होतं.

२१. मराठीत या विषयाचा काही दुवा आहे का?

आहे, आणि जवळचा. अण्णा भाऊ साठे यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला आणि तो रशियनमध्येही गेला. पुढं १९६१ मध्ये ते स्वतः सोव्हिएत संघात जाऊन आले. स्टालिनग्राडवरचा 'गोर्याची स्नेग' (१९७२) बघण्याआधी तो पोवाडा वाचा. सिनेमा त्या लढ्यातली डिसेंबर १९४२ ची एक बाजू दाखवतो: वेढ्यातल्या जर्मनांना सोडवायला येणारे रणगाडे अडवायला बर्फात मांडलेली एकच तोफांची बॅटरी. लढाई संपल्यावर जनरल उरलेल्या मूठभर गोलंदाजांना पदकं वाटतो. तेव्हा त्याच्या तोंडून एवढंच निघतं: मला जे करता येतं ते एवढंच. मग जिवंत राहिलेले पदकं व्होडकाच्या भांड्यात बुडवून पितात. पदक मिळालं की ते असं व्होडकात बुडवून पिण्याची तिकडं रीतच आहे, म्हणून सबटायटल काही सांगत नाही. तिथं कॅमेरा किती जणांवर फिरतो ते मोजा आणि सुरुवातीला रांगेत किती होते ते आठवा.